एका जॉबरचे आठ साहेब

मुंबईच्या कापडगिरणीतला जॉबर दिवस उजाडायच्या आत फाटकाशी उभा असे. आज कोण आलं नाही, त्याच्या जागी कुणाला आत घ्यायचं, हे तो तिथेच ठरवी. खात्यात माग अडला तर पाना त्याच्याच हातात. नव्या पोराला साच्यावर उभं करायचं, उशिरा येणाऱ्याला दटावायचं, कुणाचा दंड कापायचा आणि कुणाचा माफ करायचा हे मास्तरच्या कानावर घालायचं, ही कामंही त्याचीच. संध्याकाळी लालबाग-परळच्या चाळीत खोलीचा एखादा कोपरा मिळवून देणं, वाण्याच्या उधारीला जामीन राहणं, गावाहून वाईट तार आली तर रजा आणि वाटखर्च दोन्ही बघणं, हे सगळं त्याच एका माणसाच्या अंगावर होतं. आजच्या कंपनीत एवढ्या कामांसाठी भरती, प्रशिक्षण, हजेरी, वेतन, शिस्त, कल्याण, तक्रार निवारण अशा पाट्यांची एक रांग लागते.

मनुष्यबळ व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलामुलींना हल्ली पहिल्याच वर्षी विचारतात, जनरलिस्ट होणार की स्पेशालिस्ट? थोडं थोडं सगळं सांभाळायचं की एकच विषय धरून खोल जायचं? प्रश्न आवडीनिवडीचा असल्यासारखा विचारला जातो. मुंबईत मात्र या धंद्याची वाटणी कुणाच्या आवडीने झाली नाही. ती संपांनी केली, कायद्यांनी केली आणि थोडीफार एका अमेरिकन मिशनऱ्याने केली.

कावसजी दावर यांची पहिली सूतगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून माणसांचे लोंढे मुंबईत आले. मालक पारशी, भाटिया, गुजराती. खात्यांचे मास्तर बरेचदा लँकेशायरहून आणलेले. त्यांच्यात आणि कामगारांत भाषेची भिंत होती. पगार महिन्याचा, तोही पुढच्या महिन्यात बऱ्याच उशिरा हाती पडणारा. नव्याने आलेल्या माणसाने तोवर खायचं काय? ही भिंत आणि ही उधारी, दोन्हींच्या मधोमध जॉबर उभा राहिला. त्याबद्दल तो दस्तुरी म्हणजे आपलं कमिशन घेई. बायकांच्या खात्यात हाच कारभार नाईकीण पाही.

पुढे सरकारी अहवालांनी आणि मालकांनी जॉबरला खलनायक ठरवलं. त्यात तथ्य होतं, पण पुरतं नव्हतं. राजनारायण चंदावरकर यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवून दिलं आहे की जॉबरची सत्ता कामगारांच्या मर्जीवरही टिकून असे. माणसं दुसऱ्या जॉबरकडे गेली तर त्याचे साचे रिकामे राहत, आणि संपात माणसं एकीकडे आणि आपण दुसरीकडे अशी वेळ आली तर त्याचं वजन संपे. दस्तुरी खाणारा हा माणूस आपल्या लोकांना नावानिशी आणि गावानिशी ओळखत होता. त्याच्या जागी पुढे आलेल्या किती साहेबांना ते जमलं, याची चौकशी कुठल्या आयोगाने केली नाही.

जॉबरला वळसा घालून थेट वर गाऱ्हाणं नेण्याचा पहिला मोठा प्रयत्न १८८४ चा. नारायण मेघाजी लोखंडे हे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले, जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक. त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या अगदी रोकड्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. रविवारच्या सुट्टीला १८९० उजाडावं लागलं. आज या पाच मागण्या एखाद्या कंपनीत पाठवल्या तर त्या टाइम ऑफिस, वेतन विभाग, विमा आणि सुरक्षा अशा वेगवेगळ्या टेबलांवर जातील. तेव्हा गिरणीत त्यांना टेबलच नव्हतं. अर्ज द्यायचा तो सरकारला किंवा मालकांच्या संघाला.

नागपुरात मात्र काहीसं वेगळं घडत होतं. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हा व्यवस्थापक म्हणून त्यांनी निवडला बेझनजी दादाभाई मेहता हा रेल्वेच्या माल वाहतुकीतला माणूस. कापडाचं ज्ञान शून्य. त्याच्या जोडीला यंत्रांची खडान्‌खडा माहिती असलेला जेम्स ब्रूक्सबी. सर्वसाधारण कारभारी आणि तज्ज्ञ अशी जोडी एका गिरणीत मुद्दाम बसवल्याचं हे आपल्याकडचं फार जुनं उदाहरण. कामगार गैरहजर राहतात, टिकत नाहीत, हे दुखणं तिथेही होतं. त्यावर दंडाचा बडगा उगारण्याऐवजी बक्षिसं आली, १८८६ मध्ये पेन्शन फंड आला, पुढे अपघाताची भरपाई आणि भविष्यनिर्वाह निधी आला. हे सगळं बसवणारा कारभारी रेल्वेतून आला होता हे विसरून चालणार नाही. सुताचा नंबर न कळणाऱ्या माणसाला गैरहजेरीचं कारण कळलं. पण एका गिरणीचा हा चांगुलपणा मालकाच्या स्वभावावर उभा होता. लालबागच्या गिरण्यांना तो लागू व्हायचं कारण नव्हतं.

साता समुद्रापार याच सुमारास फोरमनचं काम फोडायला सुरुवात झाली होती. इंग्लंडमध्ये यॉर्कच्या राउंट्री कारखान्याने १८९६ मध्ये मेरी वूड यांना कल्याण कार्यकर्ती म्हणून नेमलं. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी १९०३ मध्ये तर फोरमनचे आठ तुकडे सुचवले. चार साहेब खात्यात, चार आखणीच्या खोलीत. त्यांतला एक फक्त शिस्तीचा. एका कामगाराला आठ वरिष्ठ, ही कल्पना त्या रूपात फारशी कुठे चालली नाही. पण एका माणसाच्या अधिकाराचे विषयवार भाग पाडता येतात, हे पक्कं झालं.

मुंबईत ते पक्कं व्हायला १९२८ चा संप लागला. एका विणकराने पूर्वीपेक्षा जास्त माग चालवावेत असा मालकांचा आग्रह होता, त्यात माणसं कमी होणार होती. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर राहिले. त्यांच्या १७ मागण्या होत्या आणि या संपातून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनपुढे जॉबरचा आवाज बसला. दुसऱ्याच वर्षी जॉन हेन्री व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक रॉयल आयोग नेमला गेला. ब्रिटिश संसदेचे माजी सभापती अध्यक्ष, सदस्यांत ना. म. जोशी आणि व्हिक्टर ससून, म्हणजे एका टोकाला कामगारांचा पुढारी आणि दुसऱ्या टोकाला गिरणीमालक.

१९३१ च्या अहवालात आयोगाने जॉबरच्या हातून भरती आणि बडतर्फी काढून घ्यायला सांगितलं. ते काम लेबर ऑफिसर नावाच्या नव्या माणसाकडे द्यावं, तो थेट जनरल मॅनेजरच्या हाताखाली असावा, मधल्या कुणाच्याही नाही. त्याच्या अंगी काय असावं, तर सचोटी, माणूस ओळखण्याची हातोटी, उत्साह आणि भाषा. पदवी कुठली हवी यावर भर नव्हता, कारण अशी पदवीच नव्हती. नाईकिणीच्या जागी शिकलेल्या बायका नेमाव्यात असंही आयोगाने सुचवलं.

आयोग सांगतात आणि गिरण्या चालतात तशाच चालतात. बदल घडला तो १९३४ च्या सार्वत्रिक संपानंतर. त्याच वर्षी मुंबई सरकारने तंटे सोडवण्यासाठी कायदा केला आणि गिरणी कामगारांची बाजू मांडायला सरकारी लेबर ऑफिसर नेमला. मालकसंघाने आपल्या बाजूने गिरण्यागिरण्यांत लेबर ऑफिसर बसवायला सुरुवात केली. म्हणजे एकाच नावाची दोन माणसं, एक सरकारच्या पगारावर, दुसरा मालकाच्या. १९३५ मध्ये बदली, म्हणजे गैरहजरांच्या जागी घ्यायच्या, कामगारांवर नियंत्रण आलं. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना बदली कार्डं द्यायची आणि रोजच्या रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. फाटकावर बोट दाखवून माणूस उचलण्याचा जॉबरचा हक्क निदान कागदावर तरी गेला. प्रत्यक्षात कार्ड कुणाला मिळावं याची शिफारस बराच काळ तोच करत राहिला; लेबर ऑफिसरला माणसं कुठे ठाऊक होती?

या नव्या माणसाला शिकवायचं कुठे, याचं उत्तर नागपाड्यात तयार होत होतं. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट तिथल्या वस्तीत नेबरहूड हाउस चालवत. टाटांच्या विश्वस्त निधीच्या पैशातून १९३६ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू केलं. १९४४ मध्ये या संस्थेचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं, पुढे ती चेंबूरजवळच्या देवनारला गेली. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. देशातल्या पहिल्या पिढीच्या पर्सोनेल मॅनेजरांतले बरेचजण समाजकार्याच्या वर्गातून आले. बालगुन्हेगार, कुटुंब, आरोग्य हे विषय त्यांच्या शेजारच्या बाकावर शिकवले जात. नफातोट्याचा हिशेब त्यांच्या अभ्यासात नंतर आला.

त्यांना नोकरीची हमी दिली ती १९४८ च्या कारखाने अधिनियमाने. कलम ४९: पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे. अडीचशे कामगारांना उपाहारगृह, महिला कामगारांच्या ठरावीक संख्येला पाळणाघर, पाचशेंना उपचाराची खोली. एका रात्रीत स्पेशालिस्टांची मागणी जन्मली. तोवर मुंबई सरकारने परळला बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट काढली होती आणि १९४९ मध्ये जमशेदपूरला जेझुइटांनी झेव्हियर लेबर रिलेशन्स इन्स्टिट्यूट सुरू केली.

पण हा स्पेशालिस्ट विचित्र कात्रीत सापडला. पगार मालकाचा, जागा कायद्याची, आणि काम कामगाराचं भलं बघण्याचं. मालकांना वाटे, बसवलाच आहे तर चौकशीचे कागद करायला, संप फोडायला, कोर्टात उभं राहायलाही त्यालाच वापरू. सकाळी पाळणाघराची पाहणी आणि दुपारी त्याच खात्यातल्या माणसाला आरोपपत्र, अशा माणसाजवळ कामगार मन कसं मोकळं करील? निवृत्त सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ मध्ये बजावलं की कल्याण अधिकाऱ्याला व्यवस्थापनाच्या वतीने कामगार तंटे हाताळायला लावू नये. बजावावं लागलं, यातच सगळं आलं.

तंट्यांसाठी दुसरा माणूस हवा होता, आणि कायद्यांनी तोही घडवला. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, १९५२ चा भविष्यनिर्वाह निधी, १९६५ चा बोनस, १९७० चा कंत्राटी कामगार कायदा, १९७१ चा महाराष्ट्राचा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा कायदा, १९७२ ची ग्रॅच्युइटी. दर कायद्यामागे एक रजिस्टर, एक विवरणपत्र आणि ते भरणारा एक माणूस. ठाणे-बेलापूर पट्टा आणि पिंपरी-चिंचवड उभं राहत असताना आयआर म्हणजे औद्योगिक संबंध सांभाळणाऱ्यांचा भाव वधारला. त्यांची स्वतःची बोली होती. सलोखा अधिकाऱ्यासमोर झालेला करार ‘ट्वेल्व्ह थ्री’, दोघांत परस्पर झालेला ‘टू पी’. पहिला सगळ्या कामगारांना बांधतो, दुसरा फक्त सही करणाऱ्यांना. हा फरक ज्याला मध्यरात्री, युनियनचे पुढारी समोर बसलेले असताना, न चुकता आठवतो तो खरा आयआरवाला.

कल्याणवाला, आयआरवाला, टाइम ऑफिसवाला आणि कज्जे बघणारा अशा सगळ्यांच्या डोक्यावर एक पर्सोनेल मॅनेजर असे, आणि तो जनरलिस्ट. तो वर येई तो बहुधा आयआरच्या जिन्याने. कंपनीला सर्वांत मोठी भीती संपाची असताना संप मिटवणाराच वर जाणार. १९८० मध्ये कोलकात्याची पर्सोनेलवाल्यांची संस्था आणि मुंबईची लेबर मॅनेजमेंटवाल्यांची संस्था एकत्र होऊन नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट झाली, तेव्हा या दोन प्रवाहांचा कागदोपत्री संगम झाला.

पण त्याआधीच एक नवी फाळणी मुंबईतच होऊन गेली होती. लार्सन अँड टुब्रो ही दोन डॅनिश इंजिनिअरांनी १९३८ मध्ये मुंबईत काढलेली कंपनी. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तिने अहमदाबादच्या आयआयएममधले उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना बोलावलं. काम छोटं होतं, अधिकाऱ्यांच्या वार्षिक मूल्यमापनाची पद्धत तपासून द्यायची. दोघांनी उत्तर भलतंच मोठं दिलं. मूल्यमापन, प्रशिक्षण, समुपदेशन, पुढच्या जबाबदाऱ्यांची तयारी हे सगळं एका सूत्रात बांधा आणि त्याचा विभाग पर्सोनेल प्रशासनापासून वेगळा ठेवा, असं त्यांनी सांगितलं. १९७५ मध्ये देशातला पहिला एचआरडी म्हणजे मनुष्यबळ विकास विभाग म्हणून तो सुरू झाला. स्टेट बँकेनेही पुढे हा मार्ग धरला. १९८५ मध्ये तर केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयालाच मनुष्यबळ विकास हे नाव मिळालं.

कारखान्यात याचा परिणाम असा झाला की साहेबांच्या दोन जाती पडल्या. एकाची खोली फाटकाजवळ, दुसऱ्याची वातानुकूलित मजल्यावर. एक युनियनशी बोले, दुसरा मॅनेजरांची शिबिरं घेई. पारीक-राव यांच्या मनात हे नसणार. पण जिथे पैसा आणि मान वरच्या मजल्यावर, तिथे हुशार मुलं फाटकाजवळ कशाला थांबतील?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. सामंत पेशाने डॉक्टर, घाटकोपरला दवाखाना चालवलेले, आणि कंपनीच्या ताळेबंदाकडे ढुंकूनही न बघण्याबद्दल प्रसिद्ध. आयआरवाल्यांचं सगळं शास्त्र वाटाघाटीच्या गृहीतावर उभं होतं. इथे गृहीतच लागू पडेना. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्याबरोबर पन्नासएक वर्षांत घडलेली एक जात विरत गेली. बदली कार्ड, खात्याखात्यातला भत्ता, विणाईचे दर तोंडपाठ असलेल्या लेबर ऑफिसरला नव्या बाजारात कोण विचारणार? त्या पिढीने स्पेशालिस्ट होण्यात चूक केली नव्हती. त्यांचा विषयच पायाखालून गेला.

उदारीकरणानंतरच्या पुण्यात तर चित्रच पालटलं. सिम्बायोसिसने १९९३ मध्ये व्यवस्थापन आणि मनुष्यबळ विकासाचं केंद्र काढलं. हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत युनियन जवळजवळ नव्हती. महिन्याला शेकडो माणसं घ्यायची, टिकवायची आणि त्यांच्या पगाराचे टप्पे ठरवायचे हीच मुख्य विवंचना. मिशिगनचे प्राध्यापक डेव्ह उलरिच यांच्या १९९७ च्या पुस्तकातल्या कल्पनांवरून एक तिहेरी मांडणी जगभर पसरली: धंद्याच्या विभागाबरोबर बसणारा ‘बिझनेस पार्टनर’, वेतन किंवा प्रशिक्षण यांचे तज्ज्ञ, आणि नेहमीची कामं उरकणारं सामाईक सेवा केंद्र. जनरलिस्ट की स्पेशालिस्ट हा आजचा प्रश्न खरं तर या मांडणीने घडवलेला आहे. टाटा इन्स्टिट्यूटच्या अभ्यासक्रमानेही ‘पर्सोनेल मॅनेजमेंट अँड इंडस्ट्रियल रिलेशन्स’ हे नाव टाकून ‘ह्यूमन रिसोर्सेस मॅनेजमेंट अँड लेबर रिलेशन्स’ हे घेतलं.

बिझनेस पार्टनर म्हणजे जुना पर्सोनेल मॅनेजर, असं मानणारे फसतात. पर्सोनेल मॅनेजरच्या हाताखाली माणसं असत. पार्टनरच्या हाताखाली बहुधा कुणी नसतं. तज्ज्ञ दुसऱ्या शहरात, सेवा केंद्र फोनच्या पलीकडे. पगारपत्रकात चूक झाली तर कर्मचारी त्याच्याचकडे येतो, आणि तोही कर्मचाऱ्यासारखाच पोर्टलवर तक्रार नोंदवतो.

दरम्यान कारखान्यातली माणसं कमी झाली नव्हती, त्यांचा मालक बदलला होता. वार्षिक उद्योग पाहणीनुसार संघटित कारखान्यांत दर पाच कामगारांमागे सुमारे दोन आता कंत्राटी आहेत. त्यांना गावाहून आणणं, खोलीत राहायची सोय करणं, उचल देणं हे ठेकेदार बघतो. १८ जुलै २०१२ रोजी हरियाणातल्या मानेसरच्या मारुती कारखान्यात दंगल उसळली, आग लागली, आणि एचआर विभागाच्या जनरल मॅनेजरचा त्यात बळी गेला. कायम आणि कंत्राटी कामगारांच्या वेतनातली दरी हे तिथल्या असंतोषाचं एक मोठं कारण होतं. कामगारांशी बोलण्याची कला कालबाह्य झाली, हे मत त्यानंतर कुणी फारसं मोठ्याने मांडेना.

संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या कामगार संहितांपैकी एकीने कल्याण अधिकाऱ्याची मर्यादा पाचशेवरून अडीचशे कामगारांवर आणली, आणि कंत्राटी कामगारांसाठीच्या तरतुदी मात्र वीसऐवजी पन्नास माणसांपासून लागू केल्या. चाकण किंवा वाळूजमधला तीनशे माणसांचा कारखाना कल्याण अधिकाऱ्याच्या जागेवर माणूस नेमेल तेव्हा त्याच्याशेजारी भरतीचा, वेतनाचा, प्रशिक्षणाचा वेगळा साहेब बसवणार नाही. हजेरी, पीएफ, उपाहारगृह, चौकशी, सगळं त्याच एकाकडे येईल. हिंजवडीत मात्र त्याचा वर्गमित्र सहा-सात वर्षं फक्त वेतनश्रेणीचे तक्ते करत असू शकतो. दोघांची पदवी एकच. परळची ती जुनी लेबर इन्स्टिट्यूट आता नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने ओळखली जाते आणि असे पदवीधर आजही तयार करते.

कल्याण अधिकाऱ्यांच्या नियमांत पदवी-पदविकेबरोबर आणखी एक अट घातलेली आढळते. कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला नीट यायला हवी. व्हिटली आयोगालाही लेबर ऑफिसरकडून हेच हवं होतं. तेव्हाच्या गिरणगावात त्याचा अर्थ मराठी. चाकणच्या कंत्राटी पाळ्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची माणसं असतात, आणि या जागेसाठी अर्ज करणाऱ्या मराठी मुलाला आता भोजपुरी किंवा उडिया शिकून घ्यावी लागते.